हातांवरचे उपयुक्त जिवाणू आणि हातांची स्वच्छता : नागपूरकरांना पडणारे प्रश्न

२०२० च्या साथीनंतर आपल्या शहरात हातांच्या बाबतीत दोन टोकांच्या सवयी दिसू लागल्या. काही घरांत दर तासाला सॅनिटायझर चोळले जाते, तर काही ठिकाणी ‘त्वचेवर चांगले जिवाणू असतात’ एवढेच वाचून साबण बाजूला ठेवला जातो. दोन्ही सवयींमागे एकच गैरसमज आहे : हात धुणे आणि हातांवरचे उपयुक्त जिवाणू जपणे या गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत, असे मानले जाते. तसे ते नाही. योग्य वेळी, योग्य पद्धतीने धुतलेल्या आणि भेगा न पडलेल्या हातावर हे जिवाणू टिकून राहतात आणि अशा हातावर रोगजंतूंना मुक्काम करणेही अवघड जाते. पुढील उत्तरे याच भूमिकेतून लिहिली आहेत.

धुतलेल्या हातांवरही जिवाणू असतात, म्हणजे ते अस्वच्छच राहतात का?

नाही. निरोगी माणसाच्या हातावर जिवाणू असणे ही त्वचेची नैसर्गिक अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातांवर एका चौरस सेंटीमीटरला सुमारे ३९ हजारांपासून ४६ लाखांपर्यंत जिवाणू आढळल्याच्या नोंदी दिलेल्या आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००८ मध्ये ५१ विद्यार्थ्यांचे तळहात तपासण्यात आले. तेव्हा एकेका तळहातावर सरासरी दीडशेहून अधिक प्रकारचे जिवाणू सापडले आणि एकाच व्यक्तीच्या उजव्या व डाव्या तळहातावरील प्रकारांपैकी केवळ १७ टक्के समान निघाले. स्वच्छ हात म्हणजे जिवाणूविरहित हात नव्हे. ज्या हातावरून या क्षणी दुसऱ्याला किंवा स्वतःला आजार पोहोचण्याची शक्यता नगण्य आहे, तो हात स्वच्छ समजावा.

‘निवासी’ आणि ‘आगंतुक’ जिवाणू म्हणजे काय?

ही विभागणी फिलिप प्राइस या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९३८ मध्ये मांडली. त्याने एकामागून एक ठेवलेल्या पात्रांत हात घासून धुतले आणि प्रत्येक पात्रातील पाण्यात किती जिवाणू उतरले ते मोजले. सुरुवातीच्या पात्रांत संख्या झपाट्याने घटत गेली, पण त्यानंतर ती अतिशय संथ गतीने कमी होऊ लागली. हातावर दोन वेगळे समूह आहेत, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

पहिला समूह आगंतुकांचा. हे जिवाणू आणि विषाणू आपण नळाची तोटी, नोटा, कच्चे मांस, शौचालयाची कडी किंवा आजारी माणसाचे अंथरूण हाताळतो तेव्हा त्वचेच्या अगदी वरच्या थरावर चिकटतात. ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला, रोटाव्हायरस आणि सर्दीचे विषाणू हे सारे याच गटात येतात. दुसरा समूह निवासी जिवाणूंचा. ते त्वचेच्या मृत पेशींच्या थरांमध्ये, रेषांच्या खोलगट भागांत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला वस्ती करून असतात. हातावरील निवासींमध्ये स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा सर्वांत प्रमुख असून त्याच्याबरोबर स्टॅफिलोकॉकस होमिनिस, कोरिनेबॅक्टेरियम, मायक्रोकॉकस आणि क्युटिबॅक्टेरियम यांची वस्ती असते.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवे आणि जखमांमध्ये पू करणारा जिवाणू मात्र या विभागणीत नीट बसत नाही. सुमारे तीस टक्के लोकांच्या नाकात तो शांतपणे राहत असतो आणि नाकाला हात लावला की हातावर येतो. निरोगी त्वचेवर तो बहुधा आगंतुक असतो, पण भेगाळलेल्या त्वचेवर तो ठाण मांडून बसतो. या एका जिवाणूचे वर्तन समजले तरी त्वचा जपण्याचा आग्रह का धरला जातो, हे उमगते.

हे निवासी जिवाणू आपल्यासाठी नेमके काय करतात?

सर्वांत साधे काम म्हणजे जागा आणि अन्न व्यापणे. त्वचेवर अन्न फारच तुटपुंजे असते : थोडा घाम, थोडा मेद आणि मृत पेशींतील प्रथिने. निवासी जिवाणू ते आधीच वापरून टाकतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या जिवाणूंच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. दुसरे काम आम्लतेशी संबंधित आहे. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लता मोजण्याचे माप; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी, जास्त म्हणजे अल्कधर्मी) साधारण ४.५ ते ५.५ असतो, म्हणजे ती सौम्य आम्लधर्मी असते. या आम्लतेचा काही भाग त्वचा स्वतःच्या घटकांतून तयार करते आणि काही भाग जिवाणू पुरवतात. जेथे तैलग्रंथी आहेत तेथे क्युटिबॅक्टेरियम तेलाचे विघटन करून मेदाम्ले सोडतो. अनेक रोगजंतूंना हे आम्लधर्मी वातावरण मानवत नाही, निवासींना मात्र ते सोयीचे असते.

तिसरे काम थेट प्रतिकाराचे असून गेल्या काही वर्षांत संशोधकांचे सर्वाधिक लक्ष त्याकडेच गेले आहे. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसचे काही वाण (उपप्रकार) एक विशिष्ट विकर (एन्झाइम) स्रवतात आणि ते स्टॅफिलोकॉकस ऑरियसने पृष्ठभागाला चिकटून राहण्यासाठी बांधलेला चिकट थर मोडून काढते. असे वाण स्वयंसेवकांच्या नाकात सोडल्यावर तेथील ऑरियसची वस्ती हटली. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ॲटोपिक इसब (त्वचा कोरडी पडून खाज सुटणारा दीर्घकालीन विकार) असलेल्या रुग्णांच्या स्वतःच्या त्वचेवरील उपयुक्त जिवाणू वेगळे काढून वाढवले, लोशनमध्ये मिसळले आणि त्याच रुग्णांच्या बाहूंवर लावले. त्यानंतर ऑरियसची संख्या घटली. उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले आहे की एपिडर्मिडिसचा एक घटक जखमेनंतरचा अनाठायी दाह आवरतो, आणि याच जिवाणूचे दुसरे एक विकर सेरामाइड हे मेद तयार होण्यास हातभार लावते. त्वचेतील ओलावा टिकवण्याचे काम हे सेरामाइड करतात.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. हे गुण एखाद्या जातीच्या सर्व जिवाणूंमध्ये नसून ठराविक वाणांमध्येच आढळतात. तेव्हा आपल्या हातावर एपिडर्मिडिस आहे म्हणून आपल्याला संसर्गापासून अभय मिळाले, असे कोणी समजू नये.

साबणाने हे उपयुक्त जिवाणू मरतात का?

साधा साबण मुख्यतः जिवाणूंना मारत नाही, तो त्यांना सोडवतो. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, त्यामुळे हातावरील तेलकट थर आणि त्यात अडकलेले आगंतुक सुटे होऊन पाण्याबरोबर वाहून जातात. करोनासारख्या ज्या विषाणूंभोवती मेदाचे आवरण असते, ते आवरण साबणामुळे फुटते. खोलवर वसलेले निवासी मात्र बहुतांशी जागच्या जागी राहतात. वरच्या थरातील काही कमी झाले तरी खालचे काही तासांत पुन्हा वाढतात. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी कितीही काटेकोरपणे हात धुतले तरी हातमोज्यांच्या आत जिवाणूंची संख्या हळूहळू वाढत जाते, याचे कारण हेच.

खरी हानी होते ती वारंवार धुतल्याने त्वचेच्या रचनेची. त्वचेच्या बाह्य थरातील मृत पेशी भिंतीतील विटांसारख्या आणि त्यांच्यामधील मेद चुन्यासारखा असतो. साबणाच्या वडीचा पीएच बहुधा ९ ते १० असतो, आणि दिवसातून अनेकदा ती वापरली की हा चुना धुपत जातो. प्रत्येक धुण्यानंतर त्वचेची आम्लता मूळपदावर येण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुन्हा हात धुतले तर ती मुळी येतच नाही. हात कोरडे पडणे, ताणल्यासारखे वाटणे, लाल होणे आणि शेवटी भेगा पडणे हा त्यापुढचा क्रम असतो.

मग हात कमी वेळा धुवावेत का?

जेव्हा धुणे आवश्यक आहे तेव्हा एकदाही टाळू नये. शौचानंतर, लहान मुलाची शी साफ केल्यानंतर, स्वयंपाकाला हात लावण्यापूर्वी, जेवण्यापूर्वी व बाळाला भरवण्यापूर्वी, कच्चे चिकन, मासे किंवा अंडी हाताळल्यानंतर, जनावरांना हात लावल्यानंतर, शिंकल्या-खोकल्यानंतर, आजारी माणसाची शुश्रूषा करण्यापूर्वी व केल्यानंतर हात साबणानेच धुतले पाहिजेत. उन्हाळ्यात कूलरची टाकी साफ केल्यानंतरही साबण लावावा, कारण साठलेल्या पाण्यात आणि शेवाळलेल्या ताट्यांत जिवाणूंची भरपूर वाढ झालेली असते. नियमित हात धुण्याने जुलाबाचे प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी कमी होते, असे अनेक देशांतील चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांत दिसून आले आहे. पावसाळ्यात घरोघरी हगवण आणि उलट्यांचे रुग्ण असतात, तेव्हा या आकड्याचे मोल कळते.

कमी करायचे असेल तर निरर्थक धुणे कमी करावे. घरात बसून पुस्तक वाचताना किंवा संगणकावर काम करताना तासातासाला साबण लावण्याने कोणताही संसर्ग टळत नाही, त्वचा मात्र झिजते.

हात धुताना लोक कोठे चुकतात?

अंगठा, बोटांची टोके आणि बोटांच्या बेचक्या सर्वाधिक वेळा सुटतात. वास्तविक घास घेताना, पोळी मोडताना आणि कालवताना आपण नेमके हेच भाग वापरतो. पाण्याने हात ओले करून साबण लावल्यावर किमान वीस सेकंद चोळावे, अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवावा, आणि बोटांची टोके व नखे दुसऱ्या तळहातावर घासावीत. हातावर सर्वाधिक जिवाणू नखांखाली असतात, म्हणून नखे आखूड ठेवावीत.

दुसरी चूक कोरडे करण्याची. ओल्या हातांवरून जिवाणू कोरड्या हातांच्या तुलनेत कितीतरी सहज दुसरीकडे जातात. धुतलेले हात पदराला, दिवसभर तोंडाला गुंडाळलेल्या दुपट्ट्याला किंवा ओट्यावरच्या ओशट फडक्याला पुसले तर सारे श्रम वाया जातात. हातांसाठी वेगळा, रोज धुतला जाणारा छोटा टॉवेल ठेवावा. नागपुरात बहुतेक महिने उन्हाला तोटा नाही, तेव्हा टॉवेल रोज उन्हात वाळवणे सहज शक्य आहे.

सॅनिटायझर चांगला की साबण?

हात दिसण्याइतके मळलेले, चिकट किंवा तेलकट असतील तर साबण आणि पाणीच हवे. सावजीचा रस्सा किंवा तर्री पोहे खाऊन झाल्यावर सॅनिटायझर चोळण्यात काही अर्थ नाही, कारण तेलाच्या थरातून अल्कोहोल नीट पोहोचत नाही. काही जंतू अल्कोहोलला दादही देत नाहीत. क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू (टणक कवचातील सुप्त रूप) त्याने मरत नाहीत आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवरही त्याचा परिणाम कमी होतो. घरात कोणाला जुलाब होत असतील तर साबणच वापरावा.

हात स्वच्छ दिसत असताना, विशेषतः रुग्णालयात, अल्कोहोलयुक्त द्रव अधिक सोयीचा आणि परिणामकारक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात ८० टक्के एथॅनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल (म्हणजेच ग्लिसरीन) आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. यातील पेरॉक्साइड हातांसाठी नसून मिश्रणात चुकून आलेले बीजाणू नष्ट करण्यासाठी असते. ग्लिसरॉल त्वचेचा ओलावा राखते. म्हणूनच ग्लिसरॉल असलेला सॅनिटायझर त्वचेला साबणापेक्षा सौम्य ठरतो, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. सॅनिटायझर झोंबतो याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की त्वचेला आधीच सूक्ष्म भेगा पडल्या आहेत. अल्कोहोल वरच्या थरातील निवासी जिवाणूंनाही मारते, परंतु खोलवरचे शिल्लक राहतात आणि वस्ती पुन्हा उभी राहते. सॅनिटायझर लावून लगेच साबणाने हात धुण्याची सवय मात्र सोडावी, त्यामुळे त्वचेचा दाह वाढतो.

एक सूचना आपल्या शहरासाठी. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सॅनिटायझरची बाटली ठेवू नये. अल्कोहोल ज्वलनशील आहे, आणि झाकण सैल असेल तर ते उडून जाऊन उरलेला द्रव निकामी होतो. हात पूर्ण कोरडे होईपर्यंत गॅसजवळ किंवा देवघरातील दिव्याजवळही जाऊ नये.

‘जंतुनाशक’ असे लिहिलेला साबण घ्यावा का?

घरगुती वापरासाठी गरज नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बान यांच्यासह १९ घटक पाण्याने धुवून टाकायच्या घरगुती जंतुनाशक साबणांतून हद्दपार केले. हे साबण साध्या साबणापेक्षा अधिक परिणामकारक आहेत आणि दीर्घकाळ वापरास सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नव्हते. ट्रायक्लोसानमुळे जिवाणूंमध्ये प्रतिकारशक्ती वाढीस लागण्याची चिंताही होती. बादलीत झाकणभर जंतुनाशक द्रव टाकून रोज त्यात हात बुडवण्याची पद्धत तर बंदच करावी. त्यातून लाभ काही नाही, त्वचेला त्रास मात्र होतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात हात फार कोरडे पडतात. त्याचा जिवाणूंशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४५ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही वर जाते आणि दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. त्वचेतील पाणी वेगाने उडते, वरचा थर ताठर होतो आणि साबणामुळे आधीच विरळ झालेल्या मेदाची उणीव अधिक जाणवते. त्यात गच्चीवरच्या टाकीतील पाणी दुपारी इतके तापते की नळाखाली हात धरवत नाही. गरम पाण्याने हात अधिक निर्जंतुक होतात असा समज आहे, पण हाताला सोसवेल एवढ्या उष्णतेने जिवाणू मरत नाहीत. गार आणि कोमट पाण्याने हात धुतल्यावर जिवाणू कमी होण्याचे प्रमाण सारखेच असते. गरम पाणी फक्त मेद अधिक काढते. म्हणून उन्हाळ्यात दुपारी बादलीत किंवा माठात साठवलेले गार पाणी तांब्याने हातावर ओतून घेणे उत्तम. साठवलेल्या पाण्यात थेट हात मात्र बुडवू नयेत.

कोरड्या, भेगाळलेल्या हातांवर जिवाणूंची घडी बदलते. १९९० च्या दशकात परिचारिकांच्या हातांचा अभ्यास झाला तेव्हा ज्यांच्या हातांची त्वचा बिघडली होती त्यांच्या हातांवर ऑरियस आणि इतर उपद्रवी जिवाणू अधिक आढळले. अधिक स्वच्छतेच्या हव्यासापोटी केलेली घासाघीस अशा रीतीने उलट फळ देते. पावसाळ्यात हवा दमट होते तेव्हा प्रश्न बदलतो. धुणीभांडी करणाऱ्या महिलांचे हात तासन्‌तास ओले राहतात आणि बोटांच्या बेचक्यांत व नखांच्या मुळाशी बुरशी धरते. तेथे औषध एकच : काम झाल्यावर हात पूर्ण कोरडे करणे आणि शक्य असेल तर आतून सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे वापरणे.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, साबणाला फेसच येत नाही. काही करावे का?

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असले की पाणी जड होते. साबण या क्षारांशी संयोग पावून चिकट साका बनतो, तो त्वचेवर राहतो आणि खाज व कोरडेपणा वाढवतो. फेस येत नाही म्हणून आपण साबण आणखी लावतो आणि त्रास दुणावतो. अशा घरांत साबणाच्या वडीऐवजी सिंडेट प्रकारची (साबणाऐवजी कृत्रिम स्वच्छताद्रव्यांची बनवलेली) वडी किंवा सौम्य लिक्विड हँडवॉश वापरावा, कारण त्यांचा जड पाण्यात साका होत नाही आणि त्यांचा पीएच त्वचेच्या जवळ राखता येतो. ज्यांच्याकडे पेंच प्रकल्पाचे किंवा कन्हान नदीचे शुद्ध केलेले नळाचे पाणी येते, त्यांनी हात धुण्यासाठी तेच राखून ठेवावे. त्यातील क्लोरीनमुळे त्वचेवरील जिवाणू नष्ट होतील ही भीती अनाठायी आहे. पिण्याच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे असे भारतीय मानक सांगते, आणि एवढ्या अल्प मात्रेतील क्लोरीनच्या क्षणभराच्या स्पर्शाने खोलवरच्या वस्तीला धक्का लागत नाही.

राख, माती, रिठा किंवा लिंबू चालेल का?

रिठ्यात सॅपोनिन असते, त्यामुळे तो फेस देतो आणि मळ सोडवतो. साबण नसेल तेव्हा तो उपयोगी आहे. चुलीची राख घासण्याने काही जंतू निघतात, मात्र ती अल्कधर्मी असून त्वचेला रुक्ष करते, म्हणून ती अगदी नाइलाजाने वापरावी. माती वापरू नये. तिच्यात कृमींची अंडी आणि धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात.

मासे किंवा कांदा-लसणाचा वास घालवण्यासाठी लिंबू चोळणे ही जुनी सवय आहे. वास जातो, पण लिंबाच्या तीव्र आम्लाची तुलना त्वचेच्या सौम्य आम्लतेशी करणे चूक आहे. भेगांवर ते आग करते, आणि लिंबाच्या रसातील काही द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. लिंबू चोळलेले हात न धुता नागपूरच्या उन्हात बाहेर पडणे म्हणजे हा त्रास ओढवून घेणे होय. संत्र्याच्या हंगामात दिवसभर संत्री सोलणाऱ्या किंवा हाताळणाऱ्यांच्या हातांनाही सालीतील तेलामुळे कोरडेपणा आणि चुरचुर जाणवते. त्यांनी काम संपल्यावर सौम्य साबणाने हात धुवून लगेच मलम लावावे.

हाताने जेवल्याने हातावरचे चांगले जिवाणू पोटात जाऊन पचन सुधारते, हे खरे आहे का?

हा दावा मोबाइलवर फार फिरतो, परंतु त्याला आधार नाही. त्वचेवरील जिवाणू हवेशीर, कोरड्या आणि आम्लधर्मी जागेत राहण्यास सरावलेले असतात, तर मोठ्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि तेथील वस्ती सर्वस्वी वेगळी असते. घासाबरोबर गेलेले त्वचेवरील जिवाणू आतड्यात मुक्काम करून पचन सुधारतात, असे दिसून आलेले नाही. हाताने जेवणे ही आपली सुंदर पद्धत आहे आणि वडाभात हातानेच कालवून खावा. मात्र तो धुतलेल्या हाताने खावा.

याच्याशी जोडलेला आणखी एक प्रश्न गृहिणी विचारतात : इडलीचे पीठ हाताने फेटले की चांगले आंबते, मग साबणाने हात धुतल्यास ते बिघडेल का? पीठ आंबवणारे ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू मुख्यतः उडदाच्या डाळीबरोबरच येतात, त्यामुळे धुतलेल्या हाताने फेटूनही पीठ उत्तम फुगते. हात आणि आंबवणे यांचा संबंध मात्र अगदीच काल्पनिक नाही. सतत आंबवलेल्या कणकेत काम करणाऱ्या बेकरांच्या हातांवर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू नेहमीपेक्षा खूप अधिक प्रमाणात आढळले आहेत. आपण जे सतत हाताळतो त्याची छाप हातांवर उमटते.

मुलांना मातीत खेळू द्यावे का?

जरूर द्यावे, आणि खेळून आल्यावर त्यांचे हात धुवावेत. फिनलंडमध्ये ३ ते ५ वर्षांच्या ७५ मुलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही पाळणाघरांच्या अंगणांत जंगलातील माती आणि हिरवळ आणून टाकण्यात आली. २८ दिवसांत तेथे खेळणाऱ्या मुलांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील काही प्रतिकारक्षमतेचे निर्देशांक अनुकूल दिशेने बदलले. ही मुले अंगणात खेळली, पण त्यांना हात न धुता जेवू घालावे असा सल्ला त्या अभ्यासाने दिलेला नाही. अंबाझरीच्या बागेत किंवा शेतावर मूल मनसोक्त खेळले तर त्याच्या सर्वांगाला निसर्गाचा स्पर्श होतो. जेवणापूर्वी दोन तळहात धुतल्याने तो लाभ पुसला जात नाही. जेथे कुत्र्या-मांजरांची घाण असते किंवा सांडपाणी साचते, अशा जागा मात्र टाळाव्यात.

मेयो, मेडिकल किंवा एम्समध्ये नातेवाइकाला भेटायला जाताना काय करावे?

रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर, दोन्ही वेळा हात स्वच्छ करावेत. रुग्णाच्या खाटेची कठडी, सलाइनचा स्टँड किंवा चादर यांना स्पर्श झाला तरी निघताना हात स्वच्छ करावेत. विदर्भातूनच नव्हे तर शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही रुग्ण नागपूरच्या रुग्णालयांत येतात. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात औषधांना न जुमानणारे क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टरसारखे जिवाणू हातांवाटे एका खाटेवरून दुसरीकडे जाऊ शकतात. भेटणाऱ्याला त्यांचा काही त्रास होत नाही, म्हणूनच तो नकळत वाहक बनतो.

हात धुण्याने प्राण वाचतात, हे व्हिएन्नातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये सिद्ध केले. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर साबणाने हात धुवूनच बाळंतिणींना तपासत असत, पण त्यांच्या हातांना वास राहत असे. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने वास जाईपर्यंत हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये तेथील बाळंतिणींचा मृत्युदर १८ टक्क्यांच्या वर होता, तो जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला. त्या डॉक्टरांच्या हातावर आलेले घातक जंतू निवासी नव्हते, आगंतुक होते. निवासी जिवाणूंचा मुद्दा पुढे करून रुग्णालयातील हातस्वच्छतेत कसूर करणे म्हणजे हा धडा विसरणे होय.

निवासी जिवाणू कधीच अपाय करत नाहीत का?

करतात, जर ते भलत्या जागी पोहोचले तर. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस शिरेतील नळी, कृत्रिम सांधा किंवा हृदयाची कृत्रिम झडप यांवर चिकट थर करून बसतो आणि मग प्रतिजैविकांनाही पुरून उरतो. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने किंवा अल्कोहोलने निवासींचीही संख्या खाली आणली जाते. ती गरज शस्त्रक्रियागृहाची आहे, स्वयंपाकघराची नाही.

अंगठ्या, बांगड्या आणि मेंदी यांचे काय?

अंगठीखालील त्वचेवर जिवाणू अधिक असतात आणि तेथे साबण साचून दाह होतो. हात धुताना अंगठी सरकवून खालची जागा धुवावी व कोरडी करावी. बांगड्या मनगटाच्या वर सारल्या की पुरे. मेंदीने हात धुण्यात काही बाधा येत नाही.

‘प्रोबायोटिक’ लोशन किंवा फवारे घेण्यासारखे आहेत का?

सध्या नाही. वर उल्लेख केलेल्या प्रयोगांत निवडक, तपासलेले जिवंत वाण वापरले होते. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ उत्पादनांत जिवाणूंचे केवळ मृत अंश किंवा अर्क असतात, आणि त्यांनी निरोगी माणसाच्या हातांवरील संसर्ग टळतो असा पुरेसा पुरावा नाही. तोच पैसा चांगल्या सौम्य हँडवॉशवर आणि साध्या मलमावर खर्च करावा.

हातांना कोणते तेल किंवा मलम लावावे?

हात धुवून टिपल्यावर, त्वचा किंचित ओलसर असतानाच लावावे, म्हणजे ओलावा आत राहतो. पेट्रोलियम जेली, ग्लिसरीन असलेले बिनवासाचे मलम, सूर्यफुलाचे किंवा खोबरेल तेल यांपैकी काहीही चालेल. बांगलादेशात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज सूर्यफूल तेलाने हलके मालिश केल्यावर रुग्णालयातील गंभीर संसर्गाचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला होता. त्वचेचा अडथळा शाबूत राहिल्याने जंतू आत शिरू शकले नाहीत, हे त्यामागचे कारण मानले जाते. मोहरीचे तेल मात्र नाजूक किंवा भेगाळलेल्या त्वचेला लावू नये. त्याने त्वचेची दुरुस्ती रेंगाळते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. रात्री झोपताना जाडसर थर लावून सुती मोजे हातात घातल्यास तीव्र कोरडेपणाही लक्षणीय उतरतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल, पिवळी खपली किंवा पू दिसत असेल, खाजेमुळे झोप मोडत असेल, किंवा नियमित मलम लावूनही दोन आठवड्यांत फरक पडत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना हात दाखवावेत. दुकानातून स्वतःहून स्टेरॉइडचे मलम आणून लावू नये, त्याने त्वचा पातळ होते आणि बुरशी असल्यास ती पसरते. ज्यांच्या हाताला पू झालेली जखम आहे त्यांनी ती बरी होईपर्यंत इतरांसाठी स्वयंपाक करू नये. तसे करणे अटळच असेल तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावून वरून हातमोजा घालावा, कारण अशा जखमेतील ऑरियस अन्नात वाढून विष तयार करतो आणि ते विष अन्न पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही.